फोनच एचडीआर करतो, मग आपण शिकायचं काय?

इन्स्टाग्राम किंवा थ्रेड्सवर स्क्रोल करताना हा अनुभव तुम्हालाही आला असेल. एकामागून एक साधे फोटो येत असतात आणि मध्येच एखादा फोटो एकदम झगमगतो. त्यातलं आकाश, दिव्याची ज्योत, पाण्यावरची तिरीप हे सगळं स्क्रीनवरच्या पांढऱ्या रंगापेक्षाही जास्त पांढरं दिसतं. तुम्ही ब्राइटनेस वाढवलेला नसतो. तो फोटो एचडीआर म्हणून सेव्ह झालेला असतो आणि फोनने स्क्रीनचा तेवढाच भाग जास्त उजळलेला असतो.

आता दुसरी बाजू बघा. एचडीआर फोटोग्राफी शिकायची म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर 'ट्रायपॉड लावा, तीन फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा' असं सांगणारे जुने धडे सापडतात. त्यात फीडमधल्या त्या झगमगाटाचा उल्लेखही नसतो. नव्याने छंद सुरू करणाऱ्याचा इथेच गोंधळ होतो. फोन सगळं आपोआप करत असेल, तर हे तीन फोटो कशाला? आणि नाही शिकलं तर काय बिघडतं?

सरळ उत्तर असं की, फोन दर वेळी तुमच्या वतीने एक निर्णय घेतो: किती अंधार अंधार म्हणून ठेवायचा आणि किती उजळायचा. एचडीआर शिकणं म्हणजे हा निर्णय स्वतः घ्यायला शिकणं. गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात जे बदल झालेत, त्यामुळे शिकायला आत्ता चांगली वेळ आहे. कशी ते पाहूया.

एकच नाव, दोन गोष्टी

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. डायनॅमिक रेंज म्हणजे दृश्यातल्या सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भागांमधलं अंतर. फोटोग्राफर ते 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट. म्हणजे १० स्टॉपचा फरक असेल तर एक भाग दुसऱ्यापेक्षा साधारण १,००० पट उजळ असतो. भर दुपारी अंधाऱ्या खोलीतून खिडकीबाहेर पाहिलं की जवळपास एवढाच फरक असतो. डोळे भराभर जुळवून घेतात, त्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र एका फोटोसाठी एकच एक्सपोजर निवडावं लागतं. खोली नीट आली की खिडकी पांढरीफटक पडते आणि खिडकी नीट आली की खोली काळीठिक्कर.

या अडचणीवर दोन टप्प्यांत उपाय करावा लागतो, आणि दोन्हींना एचडीआरच म्हणतात.

- टिपतानाचा एचडीआर: वेगवेगळ्या एक्सपोजरचे अनेक फोटो काढून त्यांतला प्रकाश एकत्र करायचा. मग ती मोठी रेंज साध्या स्क्रीनवर किंवा कागदावर मावेल अशी दाबून बसवायची. या दाबण्याला 'टोन मॅपिंग' म्हणतात.
- दाखवतानाचा एचडीआर: रेंज फारशी दाबायचीच नाही. स्क्रीनमध्ये जास्त उजेड द्यायची ताकद असेल, तर उजळ भाग खरोखर उजळ दाखवायचा. फीडमध्ये झगमगतो तो हा एचडीआर.

जुने धडे पहिल्याबद्दल बोलतात, आजच्या जाहिराती बऱ्याचदा दुसऱ्याबद्दल. शिकताना क्रम मात्र हाच ठेवा: आधी टिपणं, मग दाखवणं.

बटण होतं, ते गेलं

ही कल्पना फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढताना समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी एक अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच प्रिंट बनवत असे. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी, वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फोटोंमधून दृश्यातला प्रकाश कसा मोजून काढायचा, याची पद्धत मांडली. मलिक मूळचे मथुरेचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. डिजिटल एचडीआरच्या पायाभूत कामांमध्ये हा निबंध धरला जातो.

फोनमध्ये हे २०१० च्या सुमारास आलं. अ‍ॅपलने आयओएस ४.१ मध्ये आयफोन ४ साठी एचडीआरचं बटण दिलं. हवं तर चालू करा, नको तर बंद. २०१३ मध्ये गूगलने नेक्सस ५ वर 'एचडीआर प्लस' आणलं आणि वेगळाच रस्ता धरला. कमी-जास्त एक्सपोजरऐवजी सगळेच फोटो मुद्दाम कमी एक्सपोजरचे, झटपट एकामागून एक काढायचे आणि एकावर एक रचायचे. आकाश कुठल्याच फोटोत पांढरं पडत नाही. सावलीतला नॉइज, म्हणजे ती दाणेदार खरखर, सरासरी काढल्यामुळे कमी होते. गणित सोपं आहे: ९ फोटोंची सरासरी घेतली की नॉइज साधारण एक-तृतीयांश होतो. शिवाय सगळे फोटो सारख्याच उजेडाचे असल्यामुळे हात हलला तरी जुळवायला सोपे. पुढे २०२१ मध्ये गूगलने यात एक जास्त एक्सपोजरचा फोटोही मिसळायला सुरुवात केली.

हे तंत्र इतकं चाललं की बटणाची गरजच उरली नाही. आयफोन १२ पर्यंतच्या काही मॉडेलमध्ये सेटिंगमधून स्मार्ट एचडीआर बंद करता येत होतं, आयफोन १३ पासून तो पर्यायच काढला गेला. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या साध्या कॅमेऱ्यातही अनेक फ्रेम एकत्र करण्याचं काम आता पडद्यामागे चालू असतं.

याचा फायदा खराच मोठा आहे. खिडकीसमोर बसलेल्या आजीचा फोटो आज कुणीही काढू शकतं, पूर्वी त्यात आजीची फक्त आकृती यायची. पण तोटाही आहे. सगळ्या सावल्या उजळल्या की चेहऱ्याचा गोलवा जातो, तो सपाट दिसतो. सावळ्या रंगाचा चेहरा आहे त्यापेक्षा फिका येऊ शकतो. संध्याकाळ दुपारसारखी दिसते. समईच्या उजेडातलं देवघर ट्यूबलाइट लावल्यासारखं येतं. फोनच्या दृष्टीने यात काही चुकलेलं नसतं, कारण सगळं 'नीट दिसतंय'. पण तुम्हाला आठवते ती संध्याकाळ त्या फोटोत नसते. आणि दहा वर्षांनी तुमच्याकडे फोटोच उरलेला असतो.

आता वारं थोडं फिरलंय

अशी तक्रार करणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्याचा परिणाम उत्पादनांमध्ये दिसू लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये आयफोनसाठीच्या हॅलाइड या कॅमेरा अ‍ॅपने 'प्रोसेस झीरो' आणलं. त्यात फक्त एक फोटो, कुठलंही एकत्रीकरण नाही. नॉइज दिसला तर दिसू द्या, अशी त्याची भूमिका. त्याच वर्षी आयफोन १६ मध्ये फोटोग्राफिक स्टाइल बदलल्या आणि टोन कमी-जास्त करण्याचं साधन दिलं. सावल्या गडद करणं त्यामुळे पुन्हा वापरणाऱ्याच्या हातात आलं.

जून २०२५ मध्ये अडोबीने 'प्रोजेक्ट इंडिगो' हे मोफत आयफोन अ‍ॅप प्रसिद्ध केलं. ते बनवणाऱ्यांमध्ये मार्क लिव्हॉय आहेत, म्हणजे गूगलमध्ये एचडीआर प्लस ज्यांच्या नेतृत्वाखाली घडलं तेच. इंडिगो नेहमीच्या अ‍ॅपपेक्षा आणखी कमी एक्सपोजर ठेवतं, कमाल ३२ फ्रेम एकत्र करतं आणि टोन मॅपिंग सौम्य ठेवतं. फ्रेम एकत्र करण्याचा फायदा घ्या, पण फोटोचा चेहरामोहरा बदलू नका, असा हा विचार आहे. नवशिक्याने नेमका हाच धडा घ्यायला हवा. अनेक फोटो एकत्र करण्याने फोटो बिघडत नाही. तो बिघडतो नंतरच्या दाबादाबीत.

पहिला सराव: घरातली खिडकी

एचडीआर शिकायला कड्यावर किंवा किल्ल्यावर जायची गरज नाही. दुपारी घरातली अशी खोली निवडा, जिथे आत सावली आणि खिडकीबाहेर ऊन आहे. हलणारं काही फ्रेममध्ये नको, पंखाही बंद करा.

१. आधी फोनच्या साध्या मोडमध्ये एक फोटो काढा. हा तुलनेसाठी. फोनने काय ठरवलं ते नंतर कळेल.

२. प्रो मोड आणि रॉ चालू करा. साध्या मोडमधला जेपेग फोनने आधीच शिजवलेला असतो, त्यावर पुन्हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. फोनमध्ये प्रो मोड नसेल तर लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमधला कॅमेरा बघा, अनेक फोनवर तो रॉ फोटो काढू देतो.

३. फोन किंवा कॅमेरा स्थिर ठेवा. ट्रायपॉड उत्तम. नसेल तर पुस्तकांची चळत चालेल. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का टळेल.

४. फोकस, व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ एकदा ठरवून तिथेच ठेवा. आयएसओ सगळ्यात कमी. कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चरही बदलायचं नाही, नाहीतर प्रत्येक फोटोत फोकसमध्ये असलेला भाग कमी-जास्त होईल. बदलायचा तो फक्त शटर स्पीड.

५. सगळ्यात उजळ भागापासून सुरुवात करा. बाहेरचं आकाश पांढरं पडणार नाही असा शटर स्पीड शोधा. मग प्रत्येक फोटोला दोन स्टॉप, म्हणजे चौपट वेळ वाढवत जा: समजा १/४००, मग १/१००, १/२५, १/६. सावलीतल्या वस्तूंचा पोत स्वच्छ दिसू लागला की थांबा. बहुतेक वेळा तीन ते पाच फोटो पुरतात.

याला 'ब्रॅकेटिंग' म्हणतात. हिस्टोग्राम बघायची सवय याच वेळी लावून घ्या. सगळ्यात गडद फोटोत आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नको, आणि सगळ्यात उजळ फोटोत डाव्या भिंतीला.

ही पायरी जमली की बाहेर पडा. लोणावळ्याजवळचं कार्ल्याचं चैत्यगृह हा या विषयाचा जणू तयार पाठ आहे. आतून, स्तूपाच्या बाजूने प्रवेशाकडे तोंड करून उभे राहा. समोर सूर्यगवाक्षातून येणारा लखलखीत उजेड, दोन्ही बाजूंना काळोखात बुडालेले खांब आणि वर लाकडी फासळ्यांचं छत. एका फोटोत हे सगळं मावत नाही. संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला बऱ्याचदा मुभा नसते, म्हणून तिथले नियम आधी विचारून घ्या. हातात धरूनच काढायचे असतील तर कॅमेऱ्याचं ऑटो ब्रॅकेटिंग आणि बर्स्ट एकत्र वापरा. थोडाफार हललेला कोन सॉफ्टवेअर जुळवून घेतं.

एकत्र करणं आणि वेळेवर थांबणं

लाइटरूमच्या संगणकावरच्या आवृत्तीत फोटो निवडून 'एचडीआर मर्ज' केलं की एक नवी रॉ फाइल मिळते. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल मोफत आहे, त्यातही रॉ फोटोंमधून एचडीआर फाइल बनवता येते. तिसरा मार्ग म्हणजे 'एक्सपोजर फ्यूजन'. यात प्रकाश मोजून काढण्याची भानगडच नाही. प्रत्येक फोटोतला जो भाग नीट आलाय तेवढा उचलून अलगद जोडला जातो. हगिन या मोफत सॉफ्टवेअरसोबत मिळणारं एनफ्यूज हेच करतं. सुरुवातीला हाच मार्ग घ्या, कारण यात अति होण्याची शक्यता कमी असते.

अति म्हणजे काय? २००० च्या दशकात फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअर हाती आल्यावर एचडीआरची लाट आली आणि याच कारणाने बदनामही झाली. लक्षणं ठरलेली आहेत:

- डोंगराच्या किंवा इमारतीच्या कडेला आकाशात उजळ झालर दिसते. याला 'हॅलो' म्हणतात.
- पांढरे ढग मळकट, काळपट होतात.
- गवत आणि पानं पोपटी प्लास्टिकसारखी दिसतात.
- हललेली पानं किंवा माणसं दोन-दोनदा, अर्धपारदर्शक दिसतात. हे 'घोस्टिंग'.
- सावली कुठे आहे तेच सांगता येत नाही.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी एक सोपी चाचणी करा. फोटो तात्पुरता कृष्णधवल करून अंगठ्याएवढा लहान करून बघा. उजेड कुठून येतोय हे क्षणात कळलं तर फोटो ठीक. नाही कळलं, तर शॅडोचा स्लायडर मागे घ्या. कार्ल्याच्या फोटोत खांब दिसायला हवेत, पण ते गवाक्षाइतके उजळ झाले की लेण्यातला काळोखच नाहीसा होतो, आणि आपण तिथे त्याच्यासाठी तर गेलो होतो.

काही दृश्यांना एचडीआर नकोच असतं. ढगाळ पावसाळी दिवशी प्रकाशातला फरक मुळात कमी असतो, एकच रॉ फोटो पुरतो. सूर्यास्तासमोरची काळी आकृती काळीच छान दिसते. धावणारी मुलं, लाटा, गर्दी यांत घोस्टिंगचा त्रास जास्त आणि फायदा कमी.

झगमगाटाचं काय करायचं?

आता दुसरा एचडीआर. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ सोबत 'अल्ट्रा एचडीआर' हा फोटोचा प्रकार आला. २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ सोबत इन्स्टाग्रामवरही असे फोटो टाकता येऊ लागले. यामागची युक्ती छान आहे. फाइलमध्ये एक नेहमीचा जेपेग असतो आणि त्याच्या पोटात आणखी एक छोटं चित्र. कुठला भाग किती पट उजळायचा, हे ते छोटं चित्र सांगतं. त्याला 'गेन मॅप' म्हणतात. एचडीआर स्क्रीन दोन्ही वाचते आणि उजळ भाग खुलवते. जुन्या स्क्रीनला फक्त साधा जेपेग दिसतो, काही बिघडत नाही.

अ‍ॅपलकडे याच धर्तीची, पण स्वतःची वेगळी पद्धत होती. त्यामुळे एका कंपनीच्या फोनवरचा उजेड दुसऱ्याकडे पोचेल याची खात्री नसायची. यावर तोडगा म्हणून आयएसओ २१४९६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. हे आयएसओ म्हणजे मानकं ठरवणारी संस्था, कॅमेऱ्यातली संवेदनशीलता नव्हे. अँड्रॉइड १५ आणि आयओएस १८ पासून दोन्हीकडे या मानकाला आधार मिळू लागला. छंद म्हणून फोटो काढणाऱ्यासाठी ही खरी बातमी आहे: आज तयार केलेली एचडीआर फाइल उद्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही तशीच दिसण्याची शक्यता पहिल्यांदाच एवढी चांगली आहे.

तरी सध्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, मधल्या अ‍ॅपवर भरवसा ठेवू नका. फोटो पाठवताना किंवा लहान करताना अनेक अ‍ॅप गेन मॅप टाकून देतात. समोरच्याला साधा जेपेगच दिसतो. म्हणून तो साधा जेपेगही स्वतंत्रपणे चांगला दिसला पाहिजे. लाइटरूममध्ये एचडीआर एडिट करताना साध्या स्क्रीनवर काय दिसेल तेही तपासता येतं, ते न चुकता करा.

दोन, जास्तीचा उजेड मोजून वापरा. दिव्याची ज्योत, आकाशकंदील, पाण्यावरची चमक एवढ्यापुरता तो शोभतो. अख्खं आकाश किंवा पांढरा शर्ट झगमगू लागला की बघणाऱ्याचे डोळे त्या उजेडाला सरावतात आणि शेजारचे सगळे साधे फोटो राखाडी वाटू लागतात. फीडमधल्या झगमगाटाला लोक वैतागतात ते यामुळेच. तुम्हालाही त्रास होत असेल, तर आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या फोटोज विभागात 'व्ह्यू फुल एचडीआर' बंद करता येतं. त्याने निदान फोनमधली तुमची गॅलरी शांत होते.

तीन, कागदाला एचडीआर माहीत नाही. प्रिंट, स्पर्धा, अल्बम, कॅलेंडर यांसाठी अजूनही टोन मॅपिंगच लागतं. जुने धडे अगदीच टाकाऊ झालेले नाहीत, ते यामुळे.

खर्च किती?

सुरुवातीला शून्य. फोन, पुस्तकांची चळत आणि मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर दोन-तीन महिने सहज शिकता येतं. पहिला खर्च करायचा तो ट्रायपॉडवर. वापरलेला डीएसएलआर घ्यायचा विचार असेल तर त्यात ऑटो ब्रॅकेटिंग आहे का, ते आधी बघा. आपल्याकडे सेकंडहँड बाजारात भरपूर मिळणाऱ्या निकॉनच्या डी३००० मालिकेत, अगदी डी३५०० मध्येही ते नाही. तिथे प्रत्येक फोटोला शटर स्पीड हाताने बदलावा लागतो. कॅननच्या १३००डी, १५००डी सारख्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग मिळतं. दोन्हींवर शिकता येतं, फक्त घेण्याआधी हे माहीत असावं.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: मूळ रॉ फोटो जपून ठेवा. टोन मॅपिंगची आवड बदलते, सॉफ्टवेअर बदलतं, स्क्रीन तर बदलतेच. फोनने शिजवून दिलेल्या जेपेगमधून हरवलेली सावली परत आणता येत नाही. रॉ हाताशी असेल, तर तो निर्णय पाच वर्षांनीही पुन्हा घेता येतो.